मॅनेजरची कॉलर

बाजारात तिचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि तिला त्याचं काही वाटतही नसे. सगळे तिला सीटवाल्या ताई म्हणत. न्हाव्याची खुर्ची, स्कूटरची सीट, दवाखान्यातला बाक, चष्म्याच्या दुकानातलं गोल स्टूल, म्हणजे माणूस जिथे जिथे बूड टेकतो ते सगळं फाटलं, दबलं किंवा उसवलं की तिच्याकडे यायचं. धंदा वडिलांचा. त्यांना मुलगा नव्हता आणि मुलगी हट्टी होती. बारा वर्षांची असताना, ते बाहेर गेलेले बघून, तिने एका सायकलच्या सीटला कव्हर शिवून टाकलं. वडिलांनी आल्यावर ते उलटं केलं, आतली शिवण बघितली आणि सगळं उसवलं. "वरून कुणीही सरळ शिवतं," एवढंच म्हणाले. ती रडली नाही. जेवण बाजूला सारून पुन्हा शिवायला बसली. आज अठ्ठावन्नाव्या वर्षीही एखादा टाका वाकडा पडला की गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी ती उसवते. "अहो ताई, कुणाला दिसतंय!" "मला दिसतंय ना."

नवराही तिला सीटमुळेच मिळाला. तो बसचा ड्रायव्हर. पाठ धरते म्हणून आपली सीट काढून घेऊन आला होता. तिने विचारलं, "कुठल्या बाजूवर जास्त रेलता?" असं त्याला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. त्यानंतर ती सीट तीन वेळा 'बिघडली', आणि चौथ्या वेळी तो सीटऐवजी आईला घेऊन आला. आता रिटायर होऊन तो दिवसभर दुकानातच असायचा, गाद्यांच्या बटणांना कापड चढवायचा आणि अखंड बोलायचा. ती मशीन चालवायची आणि मोजकं बोलायची. दोघांचं छान चाललं होतं.

तिसरा भागीदार चार वर्षांपूर्वी फोमच्या कातरणात सापडला. तळहातावर मावेल एवढं पिवळं पिल्लू. बघता बघता त्याचा साडेपाच किलोंचा बोका झाला. काउंटरच्या कोपऱ्यावर बसून तो आल्यागेल्या प्रत्येकाला असं न्याहाळायचा, की पलीकडच्या चावीवाल्याने त्याचं नाव मॅनेजर पाडलं. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की ती त्याच्याकडे बोट दाखवायची. "त्यांना विचारा."

एका मंगळवारी सकाळी मॅनेजर काउंटरवर दिसला नाही. मागच्या खोलीत वाळूच्या घमेल्यात बसून होता. ती धागा आणायला गेली तेव्हा बसलेला, अर्ध्या तासाने कात्री आणायला गेली तरी तिथेच. उठायचा, दोन पावलं चालायचा, परत बसून कुंथायचा. मध्येच एक असा आवाज काढला की तिचा पाय मशीनवरून निघाला.

"बद्धकोष्ठ झालंय," नवरा म्हणाला. "मला होतं ना, तसंच."

"तुमचं पोट आणि त्याचं पोट एक आहे का?"

तिने वाळू चाळली. कोरडी ठणठणीत. मग तिने त्याला मांडीवर घेतलं आणि पोटाखालून हात फिरवला. चाळीस वर्षं हे हात उशा चाचपत आले होते. कुठे भरण कमी, कुठे गच्च, हे डोळ्यांच्या आधी हातांना कळायचं. पोटाच्या खालच्या भागात संत्र्याएवढं काहीतरी तट्ट फुगलं होतं. तिने हलकेच दाबताच तो ओरडला. हातातून निसटण्याचीही ताकद त्याच्यात नव्हती, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली.

"स्कूटर काढा," ती म्हणाली. "आत्ता. दुकान राहू दे उघडं."

प्राण्यांच्या दवाखान्यातली डॉक्टर वयाने लहान होती, पण हात जुने वाटावेत इतके सराईत. तिने बोक्याचं पोट तपासलं आणि बाह्या वर सारल्या.

"काकू, याची लघवी अडकलीय. बोक्यांची मूत्रनळी फार बारीक असते. त्यात बारीक खडे आणि गाळ साचला की बूच बसल्यासारखं होतं. लघवी बाहेर पडली नाही की तेच विष रक्तात जातं. उद्यावर टाकलं असतंत, तर वाचला नसता. लोक बद्धकोष्ठ समजून घरी तेल पाजत बसतात."

नवऱ्याने लगेच छताकडे बघितलं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"जरुरीपेक्षा जास्त भरलेलं होतं," ती म्हणाली. तिला यापेक्षा वेगळं काही सांगता आलं नसतं.

भूल देऊन नळी घातली. तीन दिवस मॅनेजरचा मुक्काम दवाखान्यात. काउंटरचा कोपरा रिकामा दिसायचा म्हणून तिने तिथे रेक्झिनचा गठ्ठा ठेवला, आणि मग तो गठ्ठाच डोळ्यांना खुपतो म्हणून उचलला. नवरा रोज दुपारी जाऊन पिंजऱ्यासमोर बसायचा आणि बोक्याला बाजारातल्या बातम्या सांगायचा.

चौथ्या दिवशी त्याला घरी सोडताना डॉक्टरने समोर बसवून समजावलं. गोळ्या दोन वेळा. कोरडं खाणं बंद, आता फक्त ओलं, आणि तेही तिने दिलेल्या डब्यातलंच. घाबरेल असं काही करायचं नाही. "आणि पाणी, काकू. पाणी हेच खरं औषध. जितकं पिईल तितका गाळ धुऊन निघेल. पहिले पंधरा दिवस डोळ्यात तेल घालून बघा, कारण पुन्हा अडकायची भीती आत्ताच जास्त असते. लघवी किती वेळा होते, केवढी होते, सगळं लिहून ठेवा. आणि ही कॉलर काढायची नाही. त्याने तिथे चाटलं की सूज येते."

कॉलर म्हणजे प्लॅस्टिकचं मोठं नरसाळं. ते घालून मॅनेजर दुकानात आला तेव्हा चावीवाला म्हणाला, "काय, लाऊडस्पीकर बसवला का?" मॅनेजर विनोद समजून घेण्याच्या परिस्थितीत नव्हता. चालायला लागला की कड जमिनीला अडायची. टेबलाच्या पायाला धडकला, घाबरून उलटा चालत गेला आणि कपाटावर आपटला. शेवटी भिंतीकडे तोंड करून उभा राहिला तो राहिलाच. पाण्याच्या वाटीशी नेलं, तर जिभेआधी प्लॅस्टिक वाटीला लागलं आणि पाणी सांडलं. दोनदा सांडल्यावर त्याने वाटीचा नादच सोडला. तिने दोन मिनिटं कॉलर काढून बघितली. तो पाण्याकडे न बघता थेट तिथेच चाटायला लागला.

ती बराच वेळ ते नरसाळं हातात फिरवत बसली.

"हे ज्याने कापलं," शेवटी ती म्हणाली, "त्याने मांजराला कधी पाणी पिताना बघितलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे धरा त्याला. माप घ्यायचंय."

नवऱ्याने मॅनेजरला मांडीवर धरलं. "साहेब, सूट शिवतायत तुम्हाला, जरा ताठ बसा." तिने टेप लावला. गळ्याचा घेर, त्यात दोन बोटांची ढील. गळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत, बाजूने खांद्यापर्यंत. दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीचं कव्हर मशीनवर अर्धं होतं. ते बाजूला सरकलं.

पहिली कॉलर रेक्झिनची झाली. दिसायला झकास, पण जड. मॅनेजर तिच्यासकट आडवा झाला आणि उठेना. दुसरी पातळ फोम आणि सुती कापडाची. हलकी, पण इतकी मऊ की पठ्ठ्याने पंजाने दुमडली आणि आपला कार्यभाग साधून घेतला. नवरा म्हणाला, "जमतंय, जमतंय." ती म्हणाली, "नाही जमलेलं. उगाच गोड बोलू नका." तिसऱ्या वेळी तिने सीटच्या कडेला घालतात ती लवचिक पट्टी बारीक कापली आणि छत्रीच्या काड्यांसारखी आतून टाचली. बाजूंना कॉलर रुंद ठेवली, तोंडापुढे आखूड. वेलक्रो लावला होता, पण तो उघडतानाच्या चर्रकन आवाजाने मॅनेजर कपाटामागे पळाला, म्हणून वेलक्रो उसवून नवऱ्याने कापड चढवलेली दोन बटणं लावली. गळ्याशी टोचू नये म्हणून कडेला मऊ पाइपिंगची गोट.

मॅनेजर ती घालून उभा राहिला. एक पाऊल टाकलं. कुठे अडलं नाही. दुसरं टाकलं. मागे वळून चाटायला गेला, पट्टी आडवी आली. मग तो वाटीशी गेला, वाकला, आणि दुकानात लपलप लपलप असा आवाज सुरू झाला.

ती कात्री हातात घेऊन तशीच उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, "डावी बाजू एक सूत मोठी झालीय," आणि वळली. पण नवऱ्याने बघायचं ते बघितलं होतं. बाई गालात हसत होती.

पुढचे दिवस वहीचे. ते खातं नवऱ्याकडे होतं आणि तीस वर्षांची सवय अशी जाते थोडीच! त्याने चक्क वेळापत्रक आखलं. सकाळी साडेसात, मध्यम. साडेदहा, थोडी. "दीडची गाडी लेट आहे," तो ओरडायचा, आणि थोड्या वेळाने, "आली, आली, फुल भरून आली!" शेजारपाजारची गिऱ्हाइकंही विचारायला लागली. ती मशीनवरून मान वर न करता सगळं ऐकायची.

मग सहाव्या दिवशी गाडी आलीच नाही. सकाळी सहाला झालेली शेवटची. दहा वाजले, बारा वाजले, दोन वाजले. वाळू कोरडी. नवरा बोलायचा थांबला, आणि तो गप्प झाला की दुकान कसं परकं वाटायचं. चार वाजता तिने डॉक्टरला फोन लावला. "घेऊन या," डॉक्टर म्हणाली. "वाट बघू नका."

टोपली तयार केली, तर मॅनेजर गायब. काउंटरखाली नाही, कपाटामागे नाही, कातरणात नाही. तिने फोमचे गठ्ठे एकेक करून उलटे केले. तेवढ्यात मागच्या खोलीतून नवऱ्याची हाक आली. "अगं, इकडे ये. आणि रागावू नकोस."

दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीचं कव्हर आदल्या संध्याकाळी पुरं झालं होतं. फिकट निळं, दुहेरी शिवण, पाच दिवसांचं काम. टेबलावर पसरून ठेवलं होतं. त्याच्या बरोबर मधोमध मॅनेजर शेपटी ताणून बसला होता आणि त्याच्याखाली डबकं पसरत होतं. थांबतच नव्हतं. पाइपिंगच्या कडेने वळण घेत ते खाली टपकायला लागलं.

नवरा त्याला उचलायला पुढे झाला. तिने त्याचं मनगट धरलं.

"हात लावू नका! होऊ दे. सगळी होऊ दे."

"अगं, पण कव्हर..."

"खड्ड्यात गेलं कव्हर! वेळ लिहा!"

"चार वाजून बारा मिनिटं."

"आणि पुढे लिहा, भरपूर." तिचा आवाज फाटला. हसते आहे की रडते आहे, तिचं तिलाच कळत नव्हतं. मॅनेजरने काम आटोपलं, पंजा झटकला आणि कॉलर सावरत ऐटीत खाली उतरला.

तासाभराने दातांचे डॉक्टर आले. काटेकोर माणूस, खुर्चीवर एक सुरकुती चालत नसे. ती स्वतःच पुढे झाली.

"डॉक्टर, कव्हर आज मिळणार नाही. नवं शिवून देते."

"का? तयार होतं म्हणालात ना?"

"होतं. आमच्या मॅनेजरने त्यावर सही केली." आणि पोराचा निकाल सांगावा तशा थाटात तिने त्यांना सगळं सांगितलं. किती तास झाली नव्हती, मग केवढी झाली, धार कशी अखंड होती. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला, बोक्याकडे बघितलं, वहीतली ती नोंद बघितली, आणि एरवी कधी न हसणारा तो माणूस हसला. "अभिनंदन," ते म्हणाले. "सावकाश शिवा."

पंधराव्या दिवशी तपासणी. डॉक्टरने पोट चाचपलं, लघवीची तपासणी केली. "काकू, एकदम मऊ. मूत्राशय छान रिकामं होतंय." मग तिचं लक्ष गळ्याकडे गेलं. "ही कॉलर कुठून मागवलीत?"

"मागवली नाही. शिवली."

डॉक्टरने बटणं काढून ती उलटसुलट बघितली, काड्या वाकवून बघितल्या आणि कॉलर घेऊन आत गेली. आतल्या पिंजऱ्यात एक करडी मांजर होती. ऑपरेशन झालेली, दोन दिवस नरसाळ्यात तोंड खुपसून उपाशी पडलेली. डॉक्टरने कॉलर बदलली. पाच मिनिटं मांजर हललीच नाही. मग ती मांजर बशीकडे सरकली आणि खायला लागली.

"काकू, मला अशा सहा हव्यात. लहान, मध्यम, मोठ्या."

"मापं लागतील," ती म्हणाली. "अंदाजपंचे शिवत नाही मी." पण तिच्या अंगावर मूठभर मांस चढलेलं सगळ्यांना दिसत होतं. नवऱ्याचं तर विचारू नका. त्याने बाहेरच्या बाकावर बसलेल्या चार अनोळखी माणसांना तोवर सगळी कथा ऐकवलीसुद्धा होती.

या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलं. मॅनेजर तीन ठिकाणी ठेवलेल्या तीन वाट्यांतून पाणी पितो, ओलं खातो आणि पुन्हा अडकलेला नाही. तरी ती रोज सकाळी मशीनवर बसण्याआधी वाळू बघते. दर बुधवारी टेप घेऊन दवाखान्यात जाते.

मागच्या बुधवारी तिथे बाकावर एक बाई रडवेली बसली होती. मांडीवरच्या टोपलीत तिचा काळा बोका, तीन दिवसांनी घरी निघालेला. शेजारी बसलेल्या सीटवाल्या ताईंना ती सांगायला लागली, की हे सगळं आपल्याला झेपेल की नाही कोण जाणे, एक कॉलर मात्र फार चांगली मिळाली, घालून पाणीही पिता येतं. कुणीतरी बाई शिवते म्हणे.

ताईंनी टोपलीत हात घातला, कॉलरखाली दोन बोटं सरकवून ढील बघितली आणि वरचं बटण नीट केलं.

"मीच शिवते," त्या म्हणाल्या. "आता नीट ऐका. घरी गेलात की पहिलं काम, एक वही काढा."