डावऱ्याचं कोपर

डावऱ्या डाव्या हाताने काहीही करत नसे. दाराची कडी, दुधाचा कॅन, सुटकेस, सगळं उजव्याने. मेलबर्नच्या डँडेनॉन्ग उपनगरात आम्ही काही मराठी मुलंमुली एकत्र राहायचो, त्या घरात आधी याची थट्टा झाली आणि मग सवय. फॉस्टर स्ट्रीटवरून तांदूळ आणायचे असले की हा उजव्या खांद्यावर पिशवी घेऊन वाकडा वाकडा चालायचा आणि डावा हात मात्र जॅकेटच्या खिशात. घरातल्या मुलींनी त्या हाताचं नाव ‘जावई’ ठेवलं होतं. जावयाला काम सांगायचं नाही, जावयाला गारवा लागू द्यायचा नाही. दुपारी सोफ्यावर आडवा झाला तरी त्या हाताखाली त्याला वेगळी उशी लागायची.

कारण तो हात हीच त्याची खरी नोकरी होती. डावऱ्या बेसबॉलचा पिचर होता, म्हणजे त्या खेळात चेंडू फेकणारा. भुसावळला शाळेत सॉफ्टबॉल, कॉलेजात बेसबॉल, आणि मेलबर्नला युनिव्हर्सिटीत शिकायला आल्यावर एका क्लबात खेळता खेळता थेट व्यावसायिक संघाचा करार. हा करार फक्त उन्हाळ्यापुरता असायचा. वर्षभर तो एका वेअरहाउसमध्ये फोर्कलिफ्ट चालवायचा, तीही शक्य तितकी उजव्या हाताने. त्याच्या संघात एक प्लंबर होता, एक शाळामास्तर होता. प्रोफेशनल खेळाडू म्हणजे बंगला आणि जाहिराती, अशी आमची समजूत. त्यामुळे आम्हाला जरा फसवल्यासारखंच वाटायचं.

मराठी मंडळाच्या पिकनिकला एकदा सगळे मागे लागले, की एवढा बॉल फेकतोस तर टाक की एक ओव्हर. टेनिस बॉलचं क्रिकेट, हारजितीचं काही नाही. हा हात जोडून नाही म्हणाला. मग लोकांनी त्याला शिष्ट ठरवलं, एकाने तर हा खरंच खेळतो का असं मलाच बाजूला घेऊन विचारलं. त्याला याचं काही वाटत नसे. भुसावळला त्याचे वडील, रेल्वेतून निवृत्त झालेले, सगळ्यांना सांगायचे की मुलगा ऑस्ट्रेलियात क्रिकेट खेळतो. मी म्हटलं, खरं सांग ना त्यांना एकदा. तर म्हणाला, “असू दे ताई. त्यांना चार लोकांत सांगायला बरं पडतं. माझं काय जातं?”

मी त्याचा सामना पाहायला गेले ती एकदाच, म्हणजे त्याच्या शेवटच्या सामन्याआधी. लहानसं मैदान, गरम चिप्सचा वास, बिअरचे ग्लास घेऊन बसलेले दोनेकशे लोक. डावऱ्या अडीच तास बाकावर बसून होता. शेवटी समोर एक डावखुरा फलंदाज आला, असल्यांना डावरा पिचरच भारी पडतो म्हणे, आणि याला बोलावलं. याने पाच चेंडू टाकले. फलंदाज बाद झाला, हा परत येऊन बसला. गाडीत मी विचारलं, एवढ्यासाठी आलो आपण? त्याला राग आला नाही. “ताई, अख्खा आठवडा मी त्या पाच बॉलसाठी जगतो,” तो म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिला. त्याच दिवशी त्याने मला सांगितलं, की सीझनच्या शेवटी अमेरिकेतल्या एका क्लबची माणसं खेळाडू बघायला येणार आहेत. त्यांना डावरे पिचर हवेच असतात. त्यांनी निवडलं तर तिकडे खेळायचं, बाकी त्याला आयुष्यात दुसरं काहीच नको होतं.

ती माणसं यायला तीन आठवडे होते तेव्हाची गोष्ट. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते. डावऱ्या दारात उभा राहिला, बाहेर जायच्या कपड्यांत, पण शर्टाचं वरचं बटण उघडं. म्हणाला, “ताई, हात गळ्यापर्यंत येत नाहीये. कोपर आतून जळतंय. कोचला सांगू का?”

इथे मला माझ्याबद्दल सांगायला हवं. त्या घरात मी सगळ्यांत आधी आलेली. इथलं कसं असतं हे सगळे मला विचारायचे, आणि ते मला आवडायचं. पहिली दोन वर्षं मी इथल्या एका फॅक्टरीत बिस्किटं पॅक केली. कॅज्युअल, म्हणजे त्या आठवड्याच्या रोस्टरवर नाव असेल तरच काम. आमच्या लाइनवरच्या एका मुलीने मनगट दुखतं असं सुपरवायझरला सांगितलं. तो बिचारा प्रेमाने म्हणाला, विश्रांती घे. आणि त्यानंतर रोस्टरवर तिचं नाव आलंच नाही. माझी कंबर धरली होती, पण मी पॅनाडॉलच्या गोळ्या गिळून हसत उभी राहिले आणि पर्मनंट झाले. या देशात मी जे काही शिकले होते, ते एवढंच होतं.

तेच मी त्याला दिलं. पिठाच्या हाताने, मागे वळूनसुद्धा न बघता. “आत्ता तोंड उघडू नकोस. तीन आठवडे काढ. त्यांनी निवडलं की मग सांग.”

तो बरं म्हणाला. मग मी कंबर कसून कामाला लागले. फ्रोजन मटाराची पिशवी कोपरावर, बाम, प्रॅक्टिसच्या आधी दोन गोळ्या. रोज संध्याकाळी विचारायची, कोचला काही कळलं नाही ना? नाही, तो सांगायचा. मला तेव्हा फार समाधान वाटायचं, आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतोय याचं.

तीन आठवड्यांनी मी सामन्याला गेले, तेव्हा जाळीमागे दोन अमेरिकन माणसं वेग मोजायचं यंत्र घेऊन बसली होती. डावऱ्याचे दोन चेंडू गेले. तिसरा फेकला आणि तो कुठेतरी भलतीकडेच, बाजूच्या कुंपणावर जाऊन आदळला. डावऱ्या ओरडला नाही. कोपर उजव्या हातात धरून खाली वाकला, एवढंच. कोच धावत आला. कधीपासून दुखतंय, असं तो विचारत होता, आणि डावऱ्या म्हणत होता, “जस्ट नाऊ, मेट. जस्ट नाऊ.”

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी फोटो दाखवले. कोपराचा लिगामेंट पूर्ण तुटला होता. सुरुवातीला दुखलं तेव्हाच थांबला असता तर बहुधा विश्रांतीने भरून आला असता, असं ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, दुखत असताना फेकत राहा असं सांगितलं कोणी तुला? डावऱ्या म्हणाला, कोणी नाही. मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर त्याचं जॅकेट होतं. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याला आजवर मला स्वतःपुरतंसुद्धा काही कारण देता आलेलं नाही.

ऑपरेशन झालं, वर्षभर व्यायाम झाले. हात घरकामापुरता बरा झाला. एका दुपारी मी त्याला पार्कात एकट्याने कुंपणावर चेंडू मारताना पाहिलं. चेंडू कुंपणाच्या अलीकडेच पडत होता. हा जाऊन उचलायचा, परत जागेवर यायचा, परत फेकायचा. मी गाडी न थांबवता पुढे गेले. संघाने करार वाढवला नाही. घरात जावई हा शब्द पुन्हा कोणी उच्चारला नाही.

व्हिसा संपत आला तसा तो भुसावळला परत जायला निघाला. एअरपोर्टला मीच सोडलं. पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर मला राहवेना. मी विचारलं, त्या दिवशी तू मलाच का विचारलंस रे?

“मी निघालोच होतो ताई कोचकडे,” तो म्हणाला. “बूटसुद्धा घातले होते. मग वाटलं, तुला विचारून जावं. तुला इथलं सगळं माहीत.”

आवाजात कसलीच तक्रार नव्हती. त्याने बॅग उतरवली, वाकून नमस्कार केला आणि गेला. मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती हे मला गाडी बाहेर काढताना कळलं.

आता तो तिकडे एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात आहे. महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतो. हात कसा आहे विचारलं की म्हणतो, एकदम मस्त ताई, नो वरीज. घरी कसं आहे विचारलं तरी तेच. मोकळा, हसरा आवाज. त्या तीन आठवड्यांत कोचचा फोन आला की तो याच आवाजात बोलायचा आणि मी समोर बसून मान डोलवायची. दुखणं कळू न देता कसं बोलायचं हे त्याला मीच शिकवलं. त्यामुळे तो बरा आहे की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही.