साठ पावलांची शिट्टी

मोठ्या घराचं स्वयंपाकघर अंगणापलीकडे होतं. तिथून जेवणघर साठ पावलांवर. गरम ताटं घेऊन गुलाम बायका ती साठ पावलं शिट्टी वाजवत चालायच्या, कारण शिट्टी वाजवणाऱ्या तोंडाला चोरून खाता येत नाही. ही अक्कल मालकीणबाईंची. एरवी त्यांचं डोकं बेताचंच, पण असल्या गोष्टींत भारी चालायचं.

त्यांतली एक थोरली आणि तिची धाकटी बहीण, दोघी लहानपणापासून याच कामावर. एकदा थोरली नुकतीच तापातून उठलेली, पोटात कावळे ओरडत होते. अर्ध्या वाटेत धाकटीने आपल्या ताटातला मांसाचा तुकडा उचलून तिच्या तोंडात कोंबला. मालकीणबाई खिडकीतच होत्या.

"शिट्टी कोणाची थांबली?"

"माझी," धाकटी म्हणाली.

घास गिळून थोरलीला खरं सांगता आलं असतं. तिने ब्र काढला नाही. आठवड्याच्या आत धाकटीला लांबच्या मळ्यावर विकून टाकलं.

पुढची सव्वीस वर्षं थोरलीची शिट्टी एकदाही चुकली नाही. मग गुलामी संपल्याचा कायदा झाला. कारकुनाने अंगणात तो वाचला तेव्हा तिच्या हातात गरम सूपचं भांडं होतं. ते निवेपर्यंत तिने ऐकून घेतलं, भांडं पायरीवर ठेवलं आणि ती माळ्याबरोबर, म्हणजे नवऱ्याबरोबर, निघून गेली.

दोन खोल्यांचं घर झालं, पण जिवाला स्वस्थता नव्हती. दर बाजाराला ती गाडीवानांकडे धाकटीची चौकशी करायची. भेटली तर काय सांगायचं, हे घोकून ठेवलेलं. तिसऱ्या वर्षी एका गाडीवानाने धाकटीला थेट दारात आणून सोडलं. केस पांढरे झालेले, पण हनुवटीवरचा तीळ तोच.

घोकलेलं सगळं विसरून थोरली परसातल्या चुलीकडे पळाली. ताट वाढून परत निघाली ती शिट्टी वाजवतच.

"जित्याची खोड!" माळी हसला.

धाकटी हसली नाही. उठून परसात आली आणि वाटेतच तिने ताट धरलं.

थोरलीला रडू फुटलं. "तेव्हा मी बोलले नाही गं."

"बोलणार कशी? तोंड भरलेलं होतं." धाकटीने एक घास उचलून तिच्या तोंडात घातला. "चाव सावकाश. खिडकीत कोणी नाही."