लाहौलचा बर्फ आणि फावड्याचं कुंकू

लाहौलच्या बर्फात मला सापडलेलं शिसं कारखान्यांच्या धुराचं होतं की आईच्या कुंकवाचं? मला सांगता येत नाही. परत येऊन महिना झाला, तरी नाही.

मी सिंगापूरला पीएचडी करते. कारखान्यांच्या धुरातले धातूचे कण उंचावरच्या बर्फात अडकून राहतात. ते कुठले, हे शोधणं माझं काम. निघण्याआधी तिथल्या तोआ पायोह भागातल्या माझ्या खोलीत बॅग भरत होते, तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. माझं काम तिला फारसं कळत नाही, पण अवजार कळतं.

"नवं फावडं तसंच नेणार? कुंकू लाव त्याला."

फावडं प्लास्टिकचं, आम्लाने धुतलेलं, तपासून पिशवीत बंद केलेलं. मी पिशवी उघडली. तिनेच दिलेल्या डबीतलं कुंकू टेकवलं, नमस्कार केला आणि टिश्यूने पुसून टाकलं.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावरून दिल्ली साधारण सहा तास. पुढे मनालीची बस. मागची सीट घेऊ नका, पाठ कामातून जाते. मनालीहून जीपने बोगद्यापलीकडे लाहौलमध्ये जाता येतं, पण थांबण्याचे पैसे आधीच ठरवा. आमचे जीपवाले दोर्जेभाई निवांत होते. मी गाडीपासून दूर, वारा येत होता त्या दिशेने चालायला लागले.

"मॅडम, बर्फ तो यहाँ भी है।"

"यहाँ गाड़ियों का धुआँ लगता है।"

"तो ऊपर का साफ़ है?"

"वही देखना है।"

"बता देना। हम तो यही पीते हैं।"

तासभर चालून खड्डा खणला, बाटल्या भरल्या. बोटं बधीर झाली होती. गेस्टहाउसमध्ये गरम राजमा-चावल खाल्ला, बर्फ वितळवून गाळला आणि गाळणकागद घेऊन परतले.

लॅबमध्ये माझा सहकारी ज्युन पडद्याकडे बघत त्याच्या सिंगापुरी लकबीत म्हणाला, "शिसं आहे, लाह. भरपूर."

मी खूश झाले. लोकांच्या पिण्याच्या पाण्यात विष सापडलं म्हणून खूश. आकडे लगेच माझ्या गाइड मॅडमना पाठवले. दोन दिवसांनी सामान धुताना त्यानेच विचारलं, "फावड्याच्या खाचेत हे लाल काय आहे?"

त्याला आईच्या कॉलचं सांगितलं आणि डबीतलं कुंकू तपासलं. त्यातही शिसं.

"आता मॅडमना काय सांगणार? आईने आशीर्वाद दिला?" तो हसला. माझा चेहरा बघून थांबला.

"म्हणजे बर्फात शिसं नाहीच?" त्याने विचारलं.

"असेलही. तेच आता कळणार नाही."

आईला तिच्याकडची डबीही टाकून द्यायला सांगितलं. "इतकी वर्षं लावतेय, मला काय झालं?" म्हणाली. चूक तिची नव्हती. पिशवी मी उघडली होती.

डोंगर सुंदर आहेत, जरूर जा. माझ्याकडे मात्र त्यांतला थकवाच जास्त उरला आहे. दोर्जेभाईंना फोन करून सांगितलं, "पता नहीं चला।" ते म्हणाले, "कोई बात नहीं।" त्याने जास्तच लागलं.

काल सकाळी मॅडमना मेल केला. शिशाचे सगळे आकडे काढून टाका, असं लिहिलं. खाली कारणही लिहिलं, कुंकवासकट.