पेंटरांच्या बायकोचं बोट
पेंटरांना राग यायला फारसं काही लागत नसे, पण त्या सकाळच्या पत्राने त्यांचा पारा पार छताला भिडला. आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला हा माणूस. गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला, तेव्हा लेकीने त्यांना वेबसाइट काढून दिली: ब्रशने अक्षरं कशी काढायची, त्याचे धडे. साइटचा खर्च भागावा म्हणून तिने जाहिराती पुरवणाऱ्या एका कंपनीशी बोलून घेतलं. जाहिराती आपोआप यायच्या. त्या कुठे बसवायच्या आणि कशा दिसाव्यात, एवढंच पेंटरांनी ठरवायचं.

ते काम त्यांनी जीव ओतून केलं. जाहिरातीची पार्श्वभूमी पानासारखीच पिवळसर, अक्षरांचा रंग धड्यांचाच, आणि शेजारी हात.

हा हात म्हणजे पेंटरांची सही. गावातल्या निम्म्या पाट्यांवर तो होता: मूठ मिटलेली, एक बोट पुढे, त्याचं टोक किंचित वर वळलेलं. हात बायकोचा होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला स्वयंपाकघरातून ओढून आणून खिडकीपाशी उभं केलं होतं आणि शेगडीवरचं दूध उतू जाईपर्यंत तिचं बोट रेखाटलं होतं.

"बाबा, दोन चुका आहेत," लेकीने कंपनीचं पत्र वाचून सांगितलं. "जाहिरात धड्यासारखी दिसते, लोक फसून दाबतात. आणि जाहिरातीकडे बोट दाखवलेलं चालत नाही. सात दिवसांत बदललं नाही, तर जाहिराती बंद. मग साइट चालवणं कठीण आहे."

"फसून? मी कोणाला फसवलं गं?" पेंटर कडाडले. "पाटी फार जुळून आलीय, जरा बिघडवा, असं आजवर एकही गिऱ्हाईक म्हणालेलं नाही!"

लेकीने वाद घातला नाही. तिने फोन आईच्या हातात दिला. "आई, पुढचा धडा उघड बघू."

आईने चष्मा नीट केला, एका छानशा पिवळ्या चौकोनावर बोट टेकवलं आणि थेट बुटांच्या दुकानात पोचली.

पेंटर तडक संगणकापुढे बसले. दुपारपर्यंत जाहिरातीला पांढरी पार्श्वभूमी आली, भोवती करडी रेघ आली आणि वर साध्या अक्षरांत "जाहिरात" असं लिहून झालं. पहिली चूक मिटली.

हात मात्र काही ते काढेनात. एक दिवस त्यांनी तो जरा बाजूला सरकवला. दुसऱ्या दिवशी तिरका केला. मग इतका लहान केला की पानावर माशी बसल्यासारखं दिसे. "पण दाखवतोय तिकडेच ना, बाबा?" लेक दर वेळी म्हणे. पाचव्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले. बायकोचा हात पुसायचा, हे त्यांच्या जिवावर आलं होतं, आणि तसं कबूल करायची लाज वाटत होती.

सहाव्या दिवशी बायकोनेच संगणकापुढे खुर्ची ओढली.

"अहो, हे काय? माझं बोट टक्कल घालवायच्या तेलाकडे?"

पेंटरांचा हात नकळत स्वतःच्या टकलावर गेला. "ती आपोआप येते. मी नाही निवडत."

"मग माझा हात तिथे ठेवलात कशाला?"

"काढवत नाही मला," ते शेवटी बोलून गेले. "प्रत्येक पाटीवर तू होतीस. आता इथेच नसलीस, तर काय मजा?"

बायको हसली, मग तिचे डोळे भरून आले. "इतकी वर्षं मी लोकांच्या दुकानांकडे बोट दाखवत उभी आहे. तुमच्याकडे एकदाही दाखवलं नाही. काढू नका तो. फिरवा."

पेंटरांनी हात जाहिरातीपासून उचलला, पार पानाच्या माथ्यावर नेला आणि पहिल्या धड्याकडे वळवला. बोटापुढे काय लिहायचं, ते बायकोने सांगितलं: हे आमचे पेंटर.

सातव्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं, सगळं नियमात आहे म्हणून. लेकीने ते दोनदा मोठ्याने वाचलं, पण ऐकतंय कोण! जुन्या हाताला आता सुरकुत्या हव्यात, असा बायकोने हट्ट धरला होता. ती खिडकीपाशी बोट पुढे करून उभी होती, पेंटर कागदावर वाकले होते, आणि ती त्यांना सांगत होती, "सावकाश काढा. दूध मी आधीच उतरवून ठेवलंय."