उकिरड्यावरून उचललेलं

कचरू सर गेल्याची बातमी शाळेच्या शिपायाने आणली, तेव्हा मी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. ‘ड्रॉइंगचे सर गेले, बाई,’ एवढंच म्हणून तो माठापाशी जाऊन टेकला. मीही पुढची उत्तरपत्रिका ओढली. धक्का बसला असं लिहायची पद्धत आहे, पण खोटं कशाला लिहू? वर्षभर आम्ही सगळे त्यांचा खोकला ऐकत होतो. वाट बघूनही माणूस थकतो. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी, त्यांनी अंथरूण धरल्यापासून बंद असलेल्या ड्रॉइंगच्या वर्गातल्या फळ्यावर त्यांच्या हातचं सुविचाराचं वळणदार अक्षर तसंच राहिलेलं दिसलं तेव्हा… ते मी अजून पुसू दिलेलं नाही.

कचरू हे त्यांचं कागदोपत्री नाव. ते आमच्या शाळेत रुजू झाले तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचा वाद पेटलेला होता. स्टाफरूममध्ये एका तोंडाळ सहकाऱ्याने टोमणा मारला, की आधी स्वतःचं नामांतर करून घ्या. सर त्याच्याबरोबर हसले आणि मग शांतपणे सांगत बसले. त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून हे जन्मल्यावर आईने त्यांना उकिरड्यावर नेऊन ठेवलं आणि शेजारणीने उचलून परत आणून दिलं. टाकून दिलेल्या लेकराकडे मरण बघत नाही म्हणतात. नावही तसंच ठेवलं. ‘आईनं पुढं धम्म घेतला, पण उकिरडा काही सोडला न्हाई,’ असं ते हसत म्हणायचे. नामांतराच्या मोर्चात पुढे असायचे, तुरुंगातही जाऊन आले. स्वतःचं नाव मात्र बदललं नाही. ज्या नावाने जगलो ते कसं टाकू, म्हणायचे.

अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत पिंगळीच्या पलीकडे त्यांच्या गावातली वस्ती जाळली गेली. सर आधी आईला परभणीला घेऊन आले आणि दुसऱ्या खेपेला घरावरचे जळके पत्रे. गयामावशी, म्हणजे त्यांची आई, भडकली. जळकं घरात आणू नये, ही तिची साधी गोष्ट. मग सरांनी परसात शेड उभारून पत्रे तिथे ठेवले. मावशी दुपारी चहाचा कप शेडच्या उंबऱ्यावर ठेवायची, हाक मारायची आणि तोंड फिरवून परत जायची. आत तिने पाऊल टाकलं नाही.

त्या शेडमध्ये सरांचं आयुष्य गेलं. गोणपाट, सरकीची पेंड, मोडक्या बाजेच्या सुंभाची भेंडोळी, फाटलेले मोर्चाचे फलक… लोकांनी फेकलेलं सगळं त्यांच्याकडे यायचं. एकदा शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन मांडून त्यांनी ते जळके पत्रे तारांना टांगले. वाट मुद्दाम इतकी अरुंद ठेवली की जाणाऱ्याचा खांदा पत्र्याला घासलाच पाहिजे. पत्रा वाजायचा आणि सदऱ्याला काजळी लागायची. मुख्याध्यापक झब्बा झटकत कुरकुरले तेव्हा सर म्हणाले, धुतल्यावर जाईल. मधोमध टेपरेकॉर्डर होता, त्यातून मावशीची हाक यायची: ‘कचरूऽ, भाईर ये, च्या निवायलाय…’ तिच्या नकळत टेप केलेली. मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा त्या हाकेपाशी पाय अडले. मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी याला मल्टिमीडिया म्हणतात असं समजावलं. सर म्हणाले, ‘आमच्याकडं उकिरडा म्हणत्यात.’

कौतुक झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. मावशी आली नाही. सरांना बाकी कुणाचंच काही नको होतं. एकदा आईनं आत येऊन बघावं, एवढंच. जबरदस्ती त्यांनी कधी केली नाही. तिचं घर आहे ते, तिला वाटेल तेव्हा येईल, म्हणायचे. यंदा जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. सर शेडमधल्या खाटेवरून उठू शकत नव्हते. मी पेढा नेला तर अर्धा खाल्ला आणि उरलेला उंबऱ्याकडे बघत हातात धरून बसले.

सरांच्या मागे करायचं पुण्यानुमोदन झालं, नातेवाइकांनी भंगारवाल्याचा विषय काढला. गयामावशी उठली. काठी टेकत परसात गेली आणि उंबरा ओलांडून सरळ आत. आम्ही मागोमाग शेडच्या दारापर्यंत गेलो. पत्र्यांवरून हात फिरवत ती एकापाशी थांबली. ‘ह्यो चुलीवरचा,’ म्हणाली. मग माझ्याकडे वळली. ‘समदं उकिरड्यावर टाका, बाई.’

माझा तोल गेला. त्यांचा जन्म गेला हो यात, मी म्हटलं, आणि तुम्हाला आज सवड मिळाली ती फेकायला सांगायला?

तिने ऐकून घेतलं. ‘म्हून तर म्हणायलेय. टाका, अन् मंग तुमी उचला. आपलं आपुन उचलून चालत न्हाई. परकं माणूस लागतंय.’

पत्रे आम्ही परसामागच्या उकिरड्यावर ठेवले. ती पाठ करून उभी राहिली. मी एकेक उचलून रिक्षात घातला. आयुष्यात इतकं जड काही उचललं नव्हतं.

आता ते माझ्या पुढच्या खोलीत आहेत. पंखा लावला की वाजतात, पदराला काजळी लागते. परवा गयामावशी येऊन गेली. चहा घेतला, पावसापाण्याचं बोलली. पत्र्यांकडे तिने एकदाही बघितलं नाही. जाताना दारात चप्पल घालता घालता, शेजारणीला विचारावं तसं विचारलं, ‘लेकरू बरं हाय का तुमचं?’

बरं आहे, मी म्हटलं.