लाल चौकटीतलं पाळणाघर

"फळा माझा, खडू तुमचा." मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचं हे वाक्य अख्ख्या बाजाराला पाठ होतं. दुकानात बसल्या बसल्या त्याने शहरापुरती एक साइट काढली होती. कुणीही यावं, नाव न सांगता काहीही लिहावं. कुणाचं कुत्रं हरवलं, कुणाची खोली रिकामी झाली, कुणाचा नवरा कुणाबरोबर दिसला. लोक त्याला फळेवाला म्हणू लागले, आणि तोही ते नाव मिशीला तूप लावल्यासारखं मिरवू लागला.

दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक बाई पाळणाघर चालवायची. फळेवाल्याची पोर पहिलं पाऊल टाकायला शिकली ती याच बाईचं बोट धरून. तो तिला वहिनी म्हणे, ती त्याला भाऊजी.

एका सकाळी फळ्यावर कुणीतरी लिहिलं, की ही बाई पोरांना झोपेचं औषध पाजते. दुपारच्या आत आया जिना चढून आल्या आणि पोरांना काखोटीला मारून उतरल्या. मागे रिकामे पाळणे तेवढे हलत राहिले.

बाई तशीच खाली गेली.

"भाऊजी, ते काढून टाका."

"मी लिहिलंय का, वहिनी?"

"तुमची पोर माझ्याकडे वाढली. ते खोटं आहे हे तुम्हाला ठाऊक आहे."

"आज तुमचं काढलं की उद्या अख्खं गाव दारात. तुम्हीही लिहा की. फळा माझा, खडू तुमचा."

हातातला स्क्रूड्रायव्हरसुद्धा त्याने खाली ठेवला नाही. त्या क्षणी तो तिच्या मनातून उतरला तो कायमचा.

तिने लिहूनही पाहिलं. तिचं लिहिणं तळाला गेलं, आणि ते खोटं मात्र सगळ्यात वर, लाल चौकटीत, ठाण मांडून बसलं. पाळणे हलेनात, तेव्हा ती कोर्टाची पायरी चढली.

फळेवाल्याचा वकील तोंडाचा गोड. भिंतीवर येणारा-जाणारा काही खरडतो, त्यात भिंतीच्या मालकाचा काय दोष, असं त्याने इतकं छान मांडलं की न्यायाधीशबाईंची मान हलू लागली. आता हा डाग जन्माचा, पाळणाघरवालीला वाटलं.

उठता उठता न्यायाधीशबाईंनी सहज विचारलं, "ती लाल चौकट आपोआप येते का?"

वकिलाने तोंड उघडलं, पण फळेवाल्याचा अभिमान दुखावला होता.

"आपोआप कसली येतेय, बाई? रोज सकाळी सगळं वाचून एक मीच निवडतो. लोक कशावर तुटून पडतील हे ओळखायला नजर लागते."

वकिलाने कपाळाला हात लावला.

निकाल लागला. लिहिणारा कुणीही असो, वाचून, निवडून, चौकट घालून ते गावापुढे धरलं याने, तेव्हा जबाबदारीही याचीच. मजकूर काढायचा, आणि त्याच लाल चौकटीत माफी लावायची.

बाहेर पायऱ्यांवर फळेवाला तिच्याजवळ थबकला.

"वहिनी, ते कुणी लिहिलं, मला खरंच ठाऊक नाही."

"मला वहिनी म्हणू नका," ती म्हणाली. "आणि चौकट नीट आखा. हात बसलाय तुमचा."

तो मान खाली घालून फाटकाकडे चालू लागला. वकिलाने घड्याळ पाहण्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. ती मात्र पदर खोचून उभी राहिली आणि तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्याच्या पाठीवरची नजर तिने काढली नाही.