रुखमाबाईचे हात

रामटेकच्या रुखमाबाईने तीस वर्षं लोकांच्या लचकलेल्या कमरा बसवल्या. भाताच्या रोवणीनं वाकलेल्या बाया तिच्याकडे कण्हत येत आणि ताठ होऊन जात. पण पोटची लेक हर्षा पाठ धरून माहेरी आली, ती तीन आठवडे चोळूनही उठेना. रुखमाबाई रोज तेल कोमट करी, रोज अंगठ्यांनी पाठ रगडी. दुखणं वाढतच गेलं.

एका सकाळी हर्षा म्हणाली, "माय, आज पाय नाही दाबून राहिली का?"

रुखमाबाईने तिचा पाय दोन्ही हातांनी घट्ट धरलेला होता.

शहरात, रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तपासण्या पाहिल्या. मणक्याला टीबी झाला होता. मणका खचून नस दबली होती.

"पाठ कोणी चोळली?"

"म्याच," रुखमाबाई म्हणाली. "पायात जीव येईन ना, साहेब?"

"ऑपरेशन करू. खात्री देता येत नाही."

वॉर्डात हर्षा रडत होती. "माय वं, लय दुखून राहिलं. जरासा हात फिरव ना."

रुखमाबाईने हात पुढे केला. तो लेकीच्या पाठीपर्यंत गेलाच नाही. तिने खाटेची लोखंडी दांडी धरली आणि तिच्याच तोंडून हुंदका फुटला.